पाकिटावर किंमत नाही, मग गुन्हा दुकानदारावर कसा?

प्रश्न एका किराणा दुकानदारांचा आहे. तालुक्याच्या गावी वडिलांच्या वेळेपासूनचे दुकान. गेल्या आठवड्यात वजनमापे निरीक्षक आले. एका लहान उत्पादकाच्या फरसाणाच्या अकरा पाकिटांवर एमआरपी छापलेली नव्हती, त्यांचा पंचनामा झाला. शिवाय दुकानातच भरून ठेवलेल्या पोह्यांच्या आणि शेंगदाण्यांच्या अर्धा किलोच्या पिशव्यांवर काहीच लिहिलेले नव्हते, म्हणून त्याही धरल्या. ते विचारतात, "किंमत छापणे कंपनीचे काम. मग दोषी मी कसा? आणि सुटा माल पिशवीत भरून ठेवला तर त्यावर कसली एमआरपी?"

मी सत्तावीस वर्षे याच खात्यात निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर लहान दुकानदारांना आणि बचत गटांना लेबलांबाबत सल्ला देतो. तुमचा प्रश्न मी शेकडो गल्ल्यांसमोर उभा राहून ऐकला आहे आणि तो विचारणारे बहुतेक लोक प्रामाणिक होते. तरीही आधी स्पष्ट सांगतो, दोन्ही बाबतींत पंचनामा कायद्याला धरून आहे. का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा ही वेळ येणार नाही.

आपल्याकडे हा विषय दोन ठिकाणी बांधलेला आहे. एक, वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि दुसरे, त्याखालचे आवेष्टित वस्तू (म्हणजे पाकीटबंद माल) नियम, २०११. दोन्ही १ एप्रिल २०११ पासून लागू झाले. अधिनियमाच्या कलम १८ मध्ये कोणाकोणाला बांधले आहे ते वाचा. माल बनवणारा, भरणारा, आयात करणारा, विकणारा, वाटप करणारा, पोहोचवणारा, विक्रीसाठी मांडणारा आणि विक्रीसाठी नुसता जवळ बाळगणारासुद्धा. पाकिटावर ठरलेली माहिती नसेल तर यांपैकी कोणीही ते पाकीट हाताळायचे नाही. नियम १८ ने हीच गोष्ट घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांचे नाव घेऊन पुन्हा सांगितली आहे. अपुऱ्या माहितीचे पाकीट विकायचे नाही, मांडायचे नाही आणि विक्रीसाठी साठवायचेही नाही. म्हणजे किंमत छापायचे काम उत्पादकाचे हे तुमचे म्हणणे खरेच आहे. पण किंमत नसलेले पाकीट फळीवर न ठेवणे हे तुमचे वेगळे, स्वतंत्र कर्तव्य आहे. उत्पादकाने त्याचे काम केले नाही म्हणून तुमचे टळत नाही.

हे अन्यायाचे वाटते, मला माहीत आहे. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मलाही तसेच वाटायचे. मग एकदा एका आठवडी बाजारात मसाल्याची पाकिटे सापडली. किंमत नाही, महिना नाही, फक्त एक पत्ता. त्या पत्त्यावर गेलो तर तिथे बंद पडलेली पिठाची गिरणी. आसपास चौकशी केली, त्या नावाचा माणूस कोणालाच माहीत नव्हता. कायद्याने फक्त बनवणाऱ्याला धरले असते तर त्या पाकिटांचा माग तिथेच संपला असता. ज्या दुकानदाराकडे माल होता त्याच्याकडे बिल होते, बिलावर एजन्सी होती आणि एजन्सीकडून खरा भरणारा सापडला. ग्राहकाला रस्त्यावर दिसते ते दुकान. म्हणून साखळीतल्या शेवटच्या हातावरही जबाबदारी टाकलेली आहे, आणि इतकी वर्षे पाहिल्यावर ती योग्यच आहे असे माझे मत झाले आहे.

आता व्यवहाराचे बोलू. माल उतरवून घेताना खोक्यांची संख्या मोजता, तसेच प्रत्येक नव्या उत्पादकाचे एक पाकीट फोडण्याआधी हातात घेऊन वाचायची सवय लावा. त्यावर या गोष्टी दिसल्या पाहिजेत: बनवणाऱ्याचे किंवा भरणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, आत काय आहे त्याचे नेहमीचे नाव, निव्वळ वजन किंवा माप किंवा नग, उत्पादनाचा महिना आणि साल, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एकक किंमत (दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडते ती), आणि तक्रारीसाठी संपर्क करायच्या व्यक्तीचे वा कार्यालयाचे नाव-पत्ता, फोन आणि ईमेल. परदेशी माल असेल तर आयातदार आणि मूळ देशही हवा. यातले काही नसेल तर डिलिव्हरीवाल्या पोराशी वाद घालू नका, चलनावर शेरा लिहून माल परत पाठवा. तो त्या दिवशी परत नेत नसेल तर पाकिटे फळीवरून दूर, वेगळ्या खोक्यात, वर "परतीचा माल, विक्रीसाठी नाही" असे लिहून ठेवा आणि वितरकाला त्याच दिवशी लेखी कळवा. विक्रीच्या मालात मिसळून ठेवलेली पाकिटे "परत द्यायचीच होती" असे निरीक्षकाला सांगून उपयोग होत नाही, कारण ते सिद्ध करायला तुमच्याजवळ काही नसते. आणि बिलाशिवाय पाकीटबंद माल घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण गावोगावच्या दुकानांत हीच चूक होते आणि ती चूक आहे हेच कोणाला ठाऊक नसते. कायद्यातली आवेष्टित वस्तूची व्याख्या फार साधी आहे. ग्राहक समोर नसताना माल कोणत्याही वेष्टनात भरला आणि त्याचे वजन किंवा माप आधीच ठरवून ठेवले की ती आवेष्टित वस्तू. वेष्टन सीलबंद असो वा नसो. तुम्ही दुपारच्या निवांत वेळात पोह्यांची गोणी फोडून अर्धा अर्धा किलोच्या पिशव्या भरता, तोंडाला रबर लावता आणि टोपलीत मांडता. त्या क्षणी तुम्ही नुसते दुकानदार राहत नाही, तुम्ही 'भरणारे' होता. कंपनीला जे लागू, ते तुम्हाला लागू. नाव, पत्ता, वजन, महिना-साल, एमआरपी, सगळे. शिवाय नियम २७ प्रमाणे विक्रीसाठी माल भरणाऱ्याने भरणे सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, त्याचे शुल्क नियमात ५०० रुपये आहे. खाण्याच्या वस्तूंसाठी अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी आणि लेबलाचे नियम आणखी वेगळे. एक केले म्हणून दुसरे माफ होत नाही.

तुमच्यापुढे सरळ दोन वाटा आहेत. नोंदणी करून नीट लेबल छापा, किंवा गोणी उघडी ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर वजन करून द्या. समोर वजन करून दिलेला माल आवेष्टित वस्तूच्या व्याख्येत येत नाही, मग पिशवीवर काही छापायची गरज नाही. त्यासाठी काट्यावर चालू मुदतीचा शिक्का मात्र हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते. दिवाळीच्या गर्दीत आधी भरलेल्या पिशव्या सोयीच्या पडतात हे मला कळते. तेवढ्या सोयीसाठी लेबलाचा खर्च परवडतो का, हा हिशोब तुमचा तुम्ही करा. माझा अनुभव असा की ज्यांनी लेबल केले त्यांचा माल पुढे शेजारच्या दोन-चार दुकानांतही जाऊ लागला.

लेबल करणार असाल तर दोन बारीक गोष्टी. पहिली भाषेची. नियम ९ प्रमाणे सक्तीची माहिती देवनागरी लिपीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत हवी, इतर भाषा जोडीला चालतात. म्हणजे फक्त मराठीत छापलेले लेबल या नियमाला पुरत नाही. एका बचत गटाच्या बायकांनी कुळथाच्या पिठाची शंभर पाकिटे मोठ्या हौसेने संपूर्ण मराठीत छापली होती. त्यांना हे सांगताना मला अतिशय वाईट वाटले. महाराष्ट्रात भरून महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालाला मराठी एकटी पुरेशी असावी असे माझे ठाम मत आहे आणि ते मी नोकरीत असतानाही मांडले आहे. पण नियम बदलत नाही तोवर मराठी ठळक छापा आणि खाली सक्तीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत द्या.

दुसरी गोष्ट एकक किंमत. नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ही आली आणि अजून निम्म्या लहान उत्पादकांच्या लेबलांवर मला ती दिसत नाही. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमला किती पडते ते छापायचे, जास्त असेल तर दर किलोला. द्रव पदार्थ असेल तर मिलिलिटर आणि लिटर. तुमची पोह्यांची ५०० ग्रॅमची पिशवी ४० रुपयांची असेल तर एकक किंमत ०.०८ रुपये प्रति ग्रॅम. पाच किलो आटा २४० रुपयांना असेल तर ४८ रुपये प्रति किलो. नेमका एक किलोचा पुडा असेल तर एमआरपी आणि एकक किंमत एकच होते, मग वेगळी छापावी लागत नाही. पूर्वी बिस्किटे, चहा, तेल, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनातच भरायची सक्ती होती. याच दुरुस्तीने ती काढली आणि तिच्या जागी ही एकक किंमत आणली. कारण उघड आहे. दहा रुपयांचा पुडा दहाचाच राहतो आणि आतले वजन हळूच ६४ ग्रॅमवरून ५० ग्रॅमवर येते. किंमत तीच पाहून आई मुलाला पुडा घेऊन देते. एकक किंमत ०.१६ वरून ०.२० झालेली दिसली तरच तिला कळते की माल महागला. आकडा लहान अक्षरांत असतो, पण सगळ्या लेबलावर ग्राहकाच्या सर्वांत कामाचा आकडा मला हाच वाटतो.

एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, हे गिऱ्हाइकांना जितके माहीत हवे तितकेच दुकानदारालाही. तिच्यापेक्षा कमी घ्यायला पूर्ण मोकळीक, एक रुपयाही जास्त घ्यायला बंदी. "बाटली थंड आहे, दोन रुपये जास्त" हे चालत नाही. फ्रिजचा खर्च, विजेचे बिल, सुट्या पैशांची अडचण, यांतले कोणतेही कारण कायदा ऐकत नाही. दुधाच्या पिशवीवर गल्ल्यावर एक रुपया जास्त घेणे हाही गुन्हाच. घरपोच देण्याचे शुल्क आधी सांगून, वेगळे दाखवून घेणे ही निराळी गोष्ट. "एमआरपी अधिक जीएसटी" असे कोणी मागत असेल तर ते सरळ बेकायदा आहे, कारण छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी पाकिटावर "स्थानिक कर वेगळे" असे छापलेले असायचे. १९७७ च्या नियमांत तशी मुभा होती आणि कर किती हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नव्हता, दुकानदार सांगेल तो आकडा. १९९० मध्ये सर्व करांसह एकच किंमत छापायची सक्ती आली आणि ती पळवाट बुजली.

हॉटेलांचे उदाहरण गिऱ्हाइके आणि दुकानदार दोघेही नेहमी देतात. तिथे पाण्याची बाटली छापील किमतीहून महाग मिळते, मग आम्ही का नाही? सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी हॉटेल आणि उपाहारगृहांच्या महासंघाच्या प्रकरणात निर्णय दिला की हॉटेलात बसून बाटली मागवणारा माणूस नुसते पाणी विकत घेत नाही, तिथली बैठक, सेवा, वातावरण हे सगळे त्यात येते, म्हणून तिथे छापील किमतीचे बंधन लागत नाही. तुमच्या दुकानात, पानटपरीवर, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर, रेल्वे फलाटावर ही सेवा नसते. तिथे छापील किंमतच. प्रवासात तहानलेल्या माणसाकडे दुसरा पर्यायच नसतो, आणि तिथेच सर्वांत जास्त लूट होते. मे महिन्यात स्टँडवर लेकरांना घेऊन उभ्या असलेल्या बायका वीसच्या बाटलीला पंचवीस मुकाट्याने देताना मी पाहिल्या आहेत. तपासणीच्या सगळ्या कामांत ते काम मी कधी उद्यावर ढकलले नाही.

स्टिकर हा तुमच्या प्रश्नात नाही, पण पुढच्या तपासणीत तोच निघेल म्हणून सांगतो. छापील किमतीवर जास्त किमतीचा स्टिकर चिकटवणे, किंमत खोडणे, थिनरने पुसणे हे विक्रेत्याला पूर्ण बंद आहे. असा माल वितरकाकडून आला तरी ठेवू नका. किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीचा स्टिकर चालतो, पण खालची मूळ किंमत झाकली जाता कामा नये. आणि किंमत नसलेल्या फरसाणावर आता तुम्हीच एमआरपीचा स्टिकर लावून मोकळे व्हाल, तर तेही चालणार नाही. सक्तीची माहिती सुट्या स्टिकरने भरून काढायला नियम ६ ने मनाई केली आहे. तुम्ही भरलेल्या पोह्यांवर तुमचे स्वतःचे पूर्ण लेबल लावणे वेगळे आणि दुसऱ्याच्या पाकिटावर किमतीची चिठ्ठी डकवणे वेगळे.

कर कमी झाला की काय होते, हे २२ सप्टेंबर २०२५ ला सगळ्यांनी अनुभवले. साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ टक्क्यांवरून ५ वर आले. कराशिवायची किंमत तीच राहिली तर ११८ रुपयांची वस्तू १०५ ला मिळायला हवी. जुन्या छपाईचा माल दुकानात पडून होता, त्यावर जुनीच एमआरपी, आणि कित्येक दुकानदारांनी मला विचारले की छापील किमतीने विकायला काय हरकत आहे? हरकत आहे. कर उतरल्यावर कमी झालेल्या किमतीपेक्षा जास्त घ्यायचे नाही, असे नियम १८ मध्येच लिहिले आहे. याच तारखेपासून रेल्वेने एक लिटर रेल नीर १५ वरून १४ रुपयांवर आणले. एक रुपया लहान वाटतो, रोज बाटली घेणाऱ्याला तो लहान नसतो.

या कायद्याची एक कमजोर बाजूही सांगतो. किंमत छापा असे तो म्हणतो, किती छापा हे म्हणत नाही. औषधांचे दर ठरवायला वेगळा आदेश आहे, औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३. बाकी बहुतेक वस्तूंना उत्पादक हवा तो आकडा छापू शकतो. राखीच्या दिवसांत सुक्या मेव्याच्या खोक्यावर ९९९ छापलेले असते आणि दुकानदार "तुमच्यासाठी साडेतीनशे" म्हणतो. कायदा मोडलेला नसतो, फसवणूक मात्र झालेली असते. १ जानेवारी २०१८ पासून एवढे झाले की एकाच वस्तूवर मॉलसाठी एक आणि किराण्यासाठी एक अशा दोन एमआरपी अनुचित रीतीने छापायला मनाई आली. त्याच तारखेपासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही उत्पादनाचा महिना सोडून बाकी माहिती पडद्यावर दाखवणे बंधनकारक झाले. फुगवलेल्या किमतीला अजून उत्तर नाही. तुम्ही फुगवलेल्या छपाईचा माल घेणे टाळलेत तर तेवढाच उपाय.

काही सवलती आहेत, पटकन सांगतो. १० ग्रॅम किंवा १० मिलिलिटरपर्यंतच्या पाकिटांना सूट आहे, तंबाखूच्या वस्तूंना ती नाही. हॉटेलवाल्याने बांधून दिलेला वडापाव किंवा बिर्याणी यातून बाहेर. कारखान्यांसाठी किंवा संस्थांसाठी थेट दिलेला मालही बाहेर, पण तो माल तुमच्या फळीवर आला तर सवलत संपली.

आता तुमच्या प्रकरणाचे. २००९ च्या मूळ कलम ३६ प्रमाणे माहिती नसलेली पाकिटे विक्रीस ठेवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला २५,००० रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्याला ५०,००० पर्यंत. बहुतेक प्रकरणे न्यायालयात जात नाहीत, कलम ४८ खाली तडजोड शुल्क भरून मिटतात. पंचनाम्याची प्रत तुमच्याकडे नसेल तर मागून घ्या. त्यात पाकिटांची संख्या, वजन आणि वर्णन बरोबर आहे का ते ताडून पाहा. फरसाण आणि तुमच्या स्वतःच्या पिशव्या वेगवेगळ्या नोंदलेल्या असायला हव्यात, कारण एकीत तुम्ही विक्रेते आहात आणि दुसरीत भरणारे. तडजोड करायची ठरवलीत तर पैसे फक्त सरकारी पावतीवर भरा, हातात कोणालाही देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. आणि एक लक्षात ठेवा. तडजोड झाल्यापासून तीन वर्षांत तसाच गुन्हा पुन्हा झाला तर ही सोय मिळत नाही, प्रकरण न्यायालयातच जाते. म्हणून तारीख वहीत लिहून ठेवा.

फरसाणाच्या अकरा पाकिटांचे खरेदी बिल शोधा आणि त्याची झेरॉक्स लेखी उत्तरासोबत निरीक्षकांच्या कार्यालयात द्या. वितरकाचे नाव, पत्ता, बिल क्रमांक आणि तारीख पत्रात स्पष्ट लिहा आणि त्याच्यावर व उत्पादकावरही कारवाई व्हावी अशी मागणी करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तुमचा दंड त्याने माफ होईल असे मी म्हणत नाही. पण बिल मिळाले की निरीक्षकाला वरपर्यंत जाता येते, आणि त्या उत्पादकाची बिनकिमतीची पाकिटे आज तुमच्यासारख्या आणखी कितीतरी दुकानांत लटकत असतील. पोह्यांच्या ज्या पिशव्या टोपलीत उरल्या असतील त्या आजच सोडून गोणीत ओता.